चाळिशी लागली, तरी लेन्स चालते

नमस्कार श्रोतेहो. चाळिशीनंतर पेपर लांब धरावा लागतो, सुईत दोरा ओवायला पोरांना हाक मारावी लागते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं, साठीपर्यंत हा त्रास वाढत जातो. त्यावर चष्मा आहेच. पण लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्सही मिळते. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

माझ्याकडे एसटीतल्या एक वाहक ताई यायच्या. मायनस नंबर, कॉलेजपासून लेन्सची सवय. पंचेचाळिशीत तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दिसेनात. जवळचा चष्मा दोरी लावून गळ्यात अडकवला, तर खच्चून भरलेल्या गाडीत दोरी कुणाच्या तरी पिशवीत गुंतायची. चष्मा नाकावर ठेवला तर मशीन दिसायचं, पण मागच्या बाकावर हात वर केलेली बाई धूसर. त्यात निम्मं तिकीट, सुट्टे पैसे, आणि पुढचा थांबा आलेला!

मी त्यांना मल्टिफोकलची चाचणीची जोडी दिली. आठवड्याच्या आत ताई परत आल्या, त्या रागातच. "सर, काढा हे. उजवा झाकला की फाट्यावरची पाटी पुसट, डावा झाकला की मशीन पुसट. संध्याकाळच्या फेरीला समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात." मी म्हटलं, "ताई, गाडीत दोन्ही डोळे उघडे असतात ना? मग दोन्ही उघडे ठेवूनच सांगा." त्यांचा उजवा डोळा लांबच्यासाठी झुकता ठेवला होता, डावा जवळच्यासाठी. एकेक झाकून तपासलं की लेन्स खोटी वाटणारच. म्हणून पुन्हा सांगतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा.

उजव्यातली जवळची पॉवर मी थोडी उतरवली. पुढच्या खेपेला ताईंनी पर्समधून तिकीट काढलं, त्यावरचे बारीक आकडे खडाखडा वाचले आणि मान वर करून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीही वाचली. चष्मा पर्समध्येच होता. रात्रीची वलयं कमी झाली, पूर्ण गेली नाहीत.

होतं काय, तर या लेन्सच्या मधल्या भागात बहुधा जवळची पॉवर असते, भोवती लांबची. दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्याच्या पडद्यावर पडतात, हवी ती मेंदू निवडतो. ही सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून वलयं दिसतात आणि बारीक अक्षराला जास्त उजेड लागतो. औषधाच्या पट्टीवरची मुदत तर बऱ्याचदा चंदेरी कागदावर नुसती ठसवलेली असते. म्हाताऱ्या माणसांनी ती वाचायची कशी? ठळक काळ्या शाईत छापण्याची सक्तीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

असो. धुळीत काम करणाऱ्यांनी रोज टाकून द्यायची लेन्स घ्यावी, ताईंनी तीच घेतली. हात साबणाने धुऊन कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही. उकळलेलंही नाही, फिल्टरचंही नाही. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. लेन्स घालून झोपू नका. वयानुसार डोळे कोरडे पडतात, तेव्हा आधी ती तपासणी करून घ्या. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नमस्कार.