एकानं बघायचं, एकानं होडी धरायची

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. इतकी वर्षं आम्ही दोघं छोट्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडतोय, पण एकच देवमासा दोघांनी एकाच वेळी निवांत पाहिला, असं फार क्वचित घडलंय. लोकांना वाटतं, नवराबायको शेजारी बसून सूर्यास्त बघत असतील. (हशा) सूर्यास्ताच्या वेळी आमच्यातला एक जण नांगर घट्ट बसलाय की सरकतोय ते बघत असतो आणि दुसरा, ओहोटीला होडीखाली किती पाणी उरेल याचा हिशेब करत असतो.

याचं कारण सांगते. आमची होडी सहा मीटरची. गिअर काढून ती थांबवली, तरी समुद्र कुठे थांबतो? वारा ढकलतो, प्रवाह ओढतो, आणि देवमाशाकडे पाहताना पाठीमागचा खडक कधी जवळ आला ते कळतच नाही. म्हणून आमचा घरचा नियम असा: सुकाणू ज्याच्या हातात, त्यानं प्राण्याकडे बघायचं नाही. दुसऱ्यानं बघायचं आणि बोलायचं. होडीचं तोंड म्हणजे घड्याळातले बारा. ‘दोन वाजता, दोनशे मीटर, उजवीकडे चाललाय.’ एवढंच. ‘अगंबाई, केवढा मोठा!’ हे सुकाणूवाल्याच्या काही कामाचं नसतं. ही शिस्त अंगी बाणायला आम्हाला दोन मोसम आणि बरीच भांडणं लागली.

दुर्बिणीचंही तसंच. आधी दहापट मोठं दाखवणारी घेतली होती. पण चित्र दहापट मोठं, तसा हाताचा आणि होडीचा हेलकावाही दहापट. होडीत सात बाय पन्नासची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगाची बरी. संधिप्रकाशातही उजळ दिसतं.

आता भरती-ओहोटी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्राणी कुठे भेटतील ते बहुतेक वेळा पाणीच ठरवतं. भरती साधारण सव्वासहा तास चढते, पण सारख्या वेगानं नाही. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. हा ढोबळ हिशेब, पण मधल्या दोन तासांत अर्धं पाणी सरकतं हे त्यातून लगेच कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर आणखी वाढतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी वाट आहे. तिथे प्रवाह पंधरा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंधरा सागरी मैलांपर्यंत जातो. तिच्या मधोमध असलेला रिपल रॉक नावाचा खडक शेवटी 1958 साली सुरुंग लावून उडवावा लागला. आमची होडी आरामात चालली तर सहा नॉट. अशा ठिकाणी पाणी थबकेल तेव्हाच जायचं, यात मर्दुमकीचा प्रश्नच नाही.

आणि जिथे प्रवाह एखाद्या टोकाला वळसा घालतो किंवा उथळावर चढतो, तिथे खालचं पाणी वर येतं, बारीक मासळी एकवटते. आकाशात पक्षी घिरट्या घालून सूर मारू लागले, की आम्ही तिकडे धावत नाही. थोडं अलीकडे थांबतो. डॉल्फिन आले तर आपणहून येतात.

अंतर राखायला आम्ही एका फजितीतून शिकलो. खडकावर सील पहुडले होते, आम्ही हळूहळू जवळ सरकलो. एकानं मान वर केली, मग चौघांनी. आम्ही फोटो काढत राहिलो. दुसऱ्याच क्षणी सगळा कळप धडाधड पाण्यात! अशा पळापळीत पिल्लं चेंगरतात. मान वर झाली की आपण मागे फिरायचं, हे तेव्हा ठाऊक असायला हवं होतं. अलास्कात हम्पबॅक देवमाशाच्या शंभर यार्डांच्या आत जायला कायद्यानंच बंदी आहे. त्याच्या समोरून किंवा थेट मागून जायचं नाही, बाजूनं, त्याच्याच दिशेनं, एका संथ चालीत जायचं. आई आणि पिल्लाच्या मध्ये तर कधीच नाही.

हम्पबॅक तीन-चार श्वास घेतो, मग पाठीची कमान होते आणि शेपूट वर येते. म्हणजे खोल बुडी, पाच-दहा मिनिटांची निश्चिंती. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, तिच्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात.

एकदा असाच एक बुडाला. गिअर काढलेला, नवरा सुकाणूवर पाठमोरा, मी दुर्बीण लावून दूरवर शोधतेय. आणि तो आमच्या डावीकडे, अगदी जवळ वर आला. आधी आवाज, मोठ्या टायरमधली हवा एकदम सुटावी तसा. मग तुषार आणि कुजक्या मासळीचा भपकारा. बारीक गाठी असलेलं डोकं, त्यावर दोन नाकपुड्या, त्या उघडल्या, मिटल्या. तो खाली गेला तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उरला. ह्यानं मान वळवली नाही. खडक जवळ होता.

आमच्या नोंदवहीत दोन रकाने असतात, एक त्याचा, एक माझा. त्या दिवशी माझ्या रकान्यात अख्खं पान भरलंय. त्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘खोली नऊ मीटर, वारा वायव्येचा. वास भयंकर.’