नळाचं पाणी गेल्यावर पाईप उलटं पाणी ओढतो, ते असं थांबवा

नमस्कार मंडळी. ही बघा बादली, पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममधली, हिच्यात मी नीळ कालवलीय म्हणून पाणी असं गर्द निळं दिसतंय. नळाला हा पाईप लावलाय, त्याचं तोंड पार तळाला टेकलंय, आपण घरोघरी सोडतो तसंच, आणि नळ चालू आहे. आता गच्चीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि खाली किचनचा नळ सोडतोय. बघा, आधी साधं पाणी येतंय... धार बारीक झाली... आणि हे आलं निळं. किचनमध्ये, जिथनं आपण प्यायचं पाणी भरतो तिथं!

एक महत्त्वाचं सांगतो, टाकीच्या आउटलेटला जी उभी हवेची नळी असते ती मी या प्रयोगापुरती बूच मारून बंद केलीय. ती उघडी असती तर वरून हवा आत आली असती आणि निळं पाणी ओढलंच गेलं नसतं. पण बऱ्याच घरांत ती नळी बसवतच नाहीत, नाहीतर त्यातनं पाणी उडतं म्हणून कोणीतरी एंड कॅप, म्हणजे टोकाला बसणारं झाकण, मारून टाकलेली असते. आज वर जाऊन एकदा बघाच.

हे होतं कसं? पाईपमधलं पाणी खाली उतरायला लागलं की वरच्या भागातला दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा बादलीतल्या पाण्यावर दाबत असतेच, ती ते पाणी पाईपमध्ये ढकलते. हवेचा हा दाब जवळपास 10 मीटर उंच पाणी चढवू शकतो, म्हणजे तीन मजले धरा.

आता हेच रस्त्यावरच्या मेन लाईनला लावून बघा. आपल्याकडे चोवीस तास पाणी फार थोड्या ठिकाणी आहे. व्हॉल्व्हमनने पाणी बंद केलं की लाईनीत उरलेलं पाणी उताराच्या घरांकडे पळतं आणि चढावरच्या घरात नळ उघडला तर सूं करून हवा आत जाते, तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्या वेळी नळाचं तोंड मोकळं असेल तर हवा जाते, पण नळाला लावलेल्या पाईपचं टोक कपडे धुण्याच्या बादलीत बुडालेलं असेल तर साबणाचं, फिनेलचं पाणी जातं, आणि पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते शेजारच्या घरात येतं. त्यात कोणी नळाला डायरेक्ट मोटार लावली, आपले विदर्भातले लोक टिल्लू पंप म्हणतात तो, की ओढ अजून वाढते, आणि लाईन कुठे गटाराजवळ फुटकी असेल तर गटारातलंही आत येतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फवारणीची. गावात अंगणातल्या नळाला पाईप लावून औषधाच्या ड्रममध्ये सोडतात, औषध आधीच ओतलेलं असतं, पाईप बुडालेला असतो आणि माणूस दुसऱ्या कामाला लागतो. तेवढ्यात पाणी गेलं तर? कृपा करून आधी साधं पाणी भरा, पाईप बाजूला काढा, आणि मगच औषध ओता.

चोवीस तास पाणी असलं तरी धोका संपत नाही बरं का. 1969 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये 97 पैकी 90 जणांना काविळीची लागण झाली, दोन मॅचनंतर अख्खा सीझन रद्द. झालं असं की जवळपास आग लागली, बंबांनी एवढं पाणी ओढलं की लाईनचा दाब पडला, आणि मैदानाजवळ पाणी शिंपडायचे नळ जमिनीतल्या खड्ड्यांत होते, त्यात साचलेलं पाणी लाईनीत गेलं. त्या खड्ड्यांपाशी खेळणाऱ्या मुलांना आधीच कावीळ झालेली होती. त्याआधी 1933 साली शिकागोत दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे अमीबाची हगवण पसरली आणि 98 माणसं गेली.

उपाय काय, तर सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे, नळाचं तोंड आणि पाण्याची पातळी यांच्यात मोकळी हवा. हिशोब सोपा आहे, पाईपच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, आणि कमीत कमी एक इंच. बेसिन, बादली, टाकी सगळ्याला हेच. टाकीत पाणी पडताना आवाज होतो म्हणून प्लंबर इनलेटला तुकडा जोडून खाली तळापर्यंत नेतात, तो काढायला लावा, इनलेट ओव्हरफ्लोच्या वरच पाहिजे. संडासातला जेट स्प्रे वापरून झाला की हुकला अडकवा आणि भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, तो कमोडमध्ये लोंबकळत राहू देऊ नका.

दुकानदार म्हणेल एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावा, काम झालं. लावा, बॉडीवरचा बाण पाणी जायच्या दिशेला आहे ना ते बघून लावा, पण आत एक खडा किंवा गंजाचा कण अडकला तरी तो नीट बसत नाही आणि बाहेरून कळतही नाही, म्हणून एकट्या एनआरव्हीच्या भरवशावर मी तरी पिण्याची लाईन सोडणार नाही.

शेवटचं सोसायटीवाल्यांसाठी. बोअरची लाईन आणि म्युनिसिपालटीची लाईन मध्ये एक व्हॉल्व्ह टाकून जोडलेली असते, टंचाईत सोय म्हणून. बोअरची मोटार जोरात दाब देते आणि तो व्हॉल्व्ह जरा जरी पास झाला, म्हणजे बंद असूनही आतून गळला, तरी बोअरचं पाणी मेन लाईनीत घुसतं. दोन्ही लाईनी टाकीत वेगवेगळ्या, वरून पडतील अशा करा, आणि मधला जोडणारा तुकडा कापून दोन्ही तोंडांना एंड कॅप मारा, नुसता व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका, कारण उन्हाळ्यात कोणीतरी तो उघडतोच.