धोडपचा वीर

श्रोतेहो, नमस्कार. आमचा पूर्वज पानिपतावर पडला, असं सांगणारी घरं आपल्याकडे इतकी आहेत की सगळ्यांना उभं करायला ते मैदान पुरायचं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी लढला म्हणून मात्र कुणी मिरवत नाही. मिरवणार तरी कसं? तिथे समोर अब्दाली नव्हता, आपलीच माणसं होती.

10 जून 1768. चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब वाटणी मागत धोडपच्या आसऱ्याला फौज घेऊन बसलेले आणि पुतण्या माधवराव पेशवा त्यांच्यावर चालून गेलेला. दादासाहेब हरले, त्यांना पुण्याला आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. किल्ला चांदवड तालुक्यात, पायथ्याला हट्टी गाव. हल्ली पोरं तिथे स्पीकर घेऊन चढतात. किल्ल्यावर गाणी कसली लावता? वारा ऐका की! असो.

त्या भागातले एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्या ओळखीचे. त्यांच्या देवघरात चांदीचा टाक आहे, घोड्यावर बसलेला वीर. नाशिककरांना सांगायला नको, धुळवडीला असे टाक वाजतगाजत रामकुंडावर नेतात, वीर नाचवतात. यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य: आपला बाबा धोडपला पडला.

निवृत्तीनंतर हे गृहस्थ मोडी शिकले आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बसले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. बाकीचे लोक सनदा शोधत होते, आपण सरदार होतो हे सिद्ध करायला. लग्नाच्या पत्रिकेत 'सरदार घराणे' छापायची ही हौस कधी जाणार कोण जाणे! आमचे कंडक्टर मात्र हिशेबाचे कागद वाचत होते, कारण तिकिटांचा हिशेब लावण्यात त्यांची हयात गेलेली. आणि एका यादीत बाबा सापडले. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं जुळत होतं. पुढे लिहिलेलं: खासा, म्हणजे स्वतः, जखमी, घोडी ठार.

श्रोतेहो, बाबा मेलेच नव्हते. मेली ती घोडी! ते शिलेदार, म्हणजे घोडी घरची. बारगीर असते तर ती सरकारी असती. म्हणून घोडीची भरपाई मिळाली, आणि ते पैसे मोजून घेतलेसुद्धा बाबांनीच.

घरी हे सांगितल्यावर गहजब. चुलतभाऊ म्हणाला, कागद खोटा. सूनबाई म्हणाली, "मग इतकी वर्षं आपण नाचवलं कुणाला?" शेवटी म्हाताऱ्या आईने टाक मागवला, चष्मा लावला, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर घोडी आहे ना? ती पडली ना लढाईत? मग चुकलं कुठे? यंदापासून नैवेद्याला भिजवलेले हरभरे वाढा." तेव्हापासून त्या वीराला पुरणपोळीसोबत हरभऱ्याची चंदी असते.

आता वेळ थोडा राहिलाय. तुम्हाला शोधायचं असेल तर आधी गाव, मग पथक, मग साल. गाव आणि वंशावळ त्र्यंबकच्या किंवा नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत मिळेल, दक्षिणेकडे वंशावळ्या सांगणाऱ्या हेळव्यांकडे. पथक, म्हणजे सरदाराची तुकडी, कुणाचं ते कळल्याशिवाय रुमाल मागू नका, जन्म जाईल. सालाचं सांगतो. या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं, त्याला शुहूर सन म्हणतात. 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे 1168. इसवी सन काढायला त्यात 599 मिळवा, जानेवारीपासून पुढचा कागद असेल तर 600. हे साल मृगाला बदलतं आणि धोडपची लढाई ऐन मृगात झाली. त्यामुळे फौज निघाल्याचे कागद एका सालात, तर जखमींचे पुढच्या सालात. दोन्ही बघा.

लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना सरकार बालपरवेशी देई. तो शब्द दिसला की थांबा. दादासाहेबांच्या बाजूने लढलेल्याला शोधताय? मग बक्षिसांच्या यादीत नव्हे, जप्तीच्या कागदांत पाहा. पुन्हा सांगतो: आधी गाव, मग पथक, मग साल.

आणि घरात जुना कागद निघालाच तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा. नमस्कार.