दहाव्या वचनासकट

बुधवार, संध्याकाळचे सात. कळव्यातल्या या खोलीत दहा-बारा जणं चटईवर बसली आहेत. मधोमध बाईंचं बायबल. २६ जुलै २००५ ला घरात पाणी शिरलं, तेव्हा ते भिजलं. पानं फुगली, म्हणून त्याला रबरबँड लावावं लागतं. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मात्र तशाच आहेत.

आज यिर्मया या संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचं पुस्तक, अध्याय २९. अकरावं वचन सगळ्यांना पाठ आहे: देवाचे संकल्प हिताचे आहेत. कॅलेंडरवर असतं, स्टेटसला असतं. हेच वचन हाती धरून कुणी सभेत सांगतो, 'परमेश्वर म्हणतो, तीन महिन्यांत तुझं घर होईल.'

बाईंचं बोट वर सरकतं. दहावं वचन. सुटकेला सत्तर वर्षं! बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं धाडलेलं हे पत्र आहे. तिथंच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा.

आता त्या एक पान मागे जातात. मंदिरात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगतोय, बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो मोडतो. 'परमेश्वर म्हणतो' हे शब्द त्याच्याही तोंडी आहेत. यिर्मया आधी म्हणाला होता, आमेन, तसंच होवो. जू मोडल्यावर तो गुपचूप आपल्या वाटेनं निघून जातो. देवाचा शब्द आल्यावरच परत येऊन बोलतो. खरा संदेष्टा इथं ओळखू येतो, असं आम्हाला वाटतं.

बाईंच्या समासात जागोजागी प्रश्नचिन्हं आहेत. 'हे मला अजून उमगलेलं नाही,' त्या मुलांना सरळ सांगतात.

साध्या बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते केडगावहून १९२४ साली निघालं. त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

ख्रिस्त परत येईल तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं मत्तय २४:३६ मध्ये आहे. तरी अमेरिकेत रेडिओवरून बायबल सांगणाऱ्या हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी त्यासाठी २१ मे २०११ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, पुंजी दिली.

खोलीत एक मुलगी विचारते, 'बाई, मग अकरावं वचन आपलं नाही?'

'आपलंच आहे बाळा. पहिल्यापासून वाच.'

ती पान सरळ करते आणि वाचू लागते.