सूर विझेपर्यंत ऐका
(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, घरी पियानो रेकॉर्ड करायचा तर माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये किंवा फोनमध्ये नेणारी डबी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. "इंटरफेस कोणता घेऊ?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि वेळ मात्र त्यावर सगळ्यात कमी घालवायचा असतो. दोन माइक लागतील आणि 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) मिळेल असा नावाजलेल्या कंपनीचा साधा इंटरफेस घ्या, विषय संपला. 192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 1,92,000 नमुने घेण्याच्या, मागे लागू नका. पियानोची शेवटची पट्टी 4186 हर्ट्झला वाजते. तिचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) वर जातात हे खरं, पण माणसाचा कान 20 हजारापाशी थांबतो आणि तिथपर्यंतचं सगळं 48 किलोहर्ट्झमध्ये येतं. चाळिशीनंतर तर त्या 20 हजारावरही हक्क सांगू नये.

24 बिट मात्र ठेवा, म्हणजे प्रत्येक नमुना बारकाईने मोजला जातो. मग गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, बिनधास्त कमी ठेवता येतो. सगळ्यात जोरदार जागा वाजवून बघा, आवाजाच्या पातळीचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

आता मुद्द्याचं. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे फिरते. तिथून पुढे तो सूर फक्त उतरत जातो. हार्मोनियमवाला भाता मारून सूर धरून ठेवतो, पियानोवाल्याकडे ती सोय नाही. म्हणून सामान पारखायचं ते या उतरणीवर. उजवं पेडल दाबून ठेवा, डावीकडची एखादी खालची पट्टी जोरात वाजवा, आणि सूर पूर्ण विझेपर्यंत स्वस्थ बसा. ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका.

मोबाइलवर केलं असेल तर गंमत कळेल. बोलणं एकसारखं ऐकू यावं म्हणून बऱ्याच फोनमध्ये गेन आपोआप वरखाली होतो. सूर उतरू लागला की फोन गेन चढवतो. मग सूर विझायच्या ऐवजी रेंगाळतो आणि त्याच्या मागून तुमचा पंखा हळूहळू वर येतो. काही फोन उलट करतात, शेपटाला गोंगाट समजून मधेच कापतात. हलका हात आणि भारी हात यांतला फरक दोन्हीकडे जातो, आणि विद्यार्थी वर्षभर घासत असतो तो नेमका तोच.

चांगल्या माइकवर हीच चाचणी केली की तुमची खोली ऐकू येते. माइकच्या माहितीपत्रकात त्याचा स्वतःचा आवाज, म्हणजे काही वाजत नसतानाही येणारी सूं, दिलेला असतो, 15-16 डेसिबल असला तरी पुरे. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये भर दुपारी खोलीच त्याच्या कितीतरी वर बोलत असते. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचा स्विच बंद. घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कोणी बाहेर पडणार नाही. रात्री अकरानंतर शांतता असते खरी, पण तेव्हा वाजवलंत तर सोसायटीची नोटीस येईल.

आणि एकेक पट्टी सावकाश वाजवत जा. कुठल्या तरी एका सुराला शोकेसची काच किंवा गोदरेजच्या कपाटाचं हँडल खुळखुळतंच. वाजवताना कानावर येत नाही, माइक बरोबर पकडतो. कागदाची घडी खोचा. याला पैसे पडत नाहीत.

पैसे माइकवर घाला. छोट्या डायफ्रामच्या (आतल्या पडद्याच्या) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, कंडेन्सर माइकची जोडी. आपल्याकडे घरात बहुतेक अपराइट, म्हणजे उभा पियानो असतो, तेव्हा वरचं झाकण उघडा आणि माइक वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या थोडं वर, मागून पियानोकडे रोखून लावा. दोघांत 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन, ही फ्रेंच रेडिओवाल्यांची पद्धत सुरुवातीला उत्तम. फार लांब नेलेत तर पियानोपेक्षा टाइल्स आणि छतच जास्त ऐकू येईल. मागच्या भिंतीला गादी उभी करा. दिसायला वाईट दिसतं, ऐकायला नाही.

डिजिटल पियानो असेल तर माइक विकतच घेऊ नका. डाव्या-उजव्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकांतून) दोन केबल थेट इंटरफेसला. घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तोच 50 हर्ट्झ आत सोडत असतो.

मुलांच्या परीक्षेसाठी विचारणारे पालक बरेच दिसतात. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत-परीक्षा संस्था, दोन्हीकडे 2020 पासून व्हिडिओ पाठवून परीक्षा देता येते. पण कार्यक्रम सलग वाजवायचा, मधे कापाकापी नाही. म्हणून इंटरफेस थेट फोनला जोडता आला तर बरं, चित्र आणि आवाज एकत्रच येतात. फँटम पॉवरचा भार बऱ्याच फोनना पेलत नाही, तेव्हा इंटरफेसला वेगळी वीज देता येते का ते दुकानातच विचारा. कॅमेरा खरंच बाहेरचा माइक घेतोय का, हे माइकवर हलकी टिचकी मारून आधी तपासा. आणि ट्यूनरला परीक्षेच्या आठवड्यात बोलवा, महिनाभर आधी नको. आपल्या पावसाळ्यात तर इतक्या आधी नकोच नको.