बॉनेटवर हात ठेवून बघा

नमस्कार मंडळी. आजच्या गप्पा एका जाहिरातीवरून. "विकणे आहे, १९३६ सालची शेवरले, चार दारांची सेडान, उत्तम जपलेली." एवढंच, आणि सोबत एक फोटो. काळीभोर गाडी, फुगीर मडगार्ड, डोळे वटारल्यासारखे हेडलाइट. मित्राने मला पाठवली आणि म्हणाला चल बघून येऊ, घ्यायची नाहीये रे, नुसतं बघायचं. जुन्या गाडीच्या बाबतीत असं म्हणणारा माणूस मनातल्या मनात निम्मे पैसे मोजून मोकळा झालेला असतो, हे मला अनुभवाने माहितीये, म्हणून मी सोबत गेलो.

गेलो तर गाडी बाहेर काढून, पुसून, चमकवून उभी. मालक हसतमुख. म्हणाले बसा की, सेल्फ मारून बघा, पहिल्या झटक्यात चालू होते. मी आधी काय केलं, तर बॉनेटवर हात ठेवला. कोमट! म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून, चांगली तापवून ठेवलेली. त्यात फसवणूकच असेल असं नाही, पाहुणे येणार म्हणून आपणही घर आवरतोच ना, पण जुनं इंजिन थंड असताना कसं उठतं हे ज्याने पाहिलं नाही त्याने काहीच पाहिलं नाही. मी म्हटलं आज चालू नका करू, आज नुसती बघतो.

आता थोडं सेडानबद्दल, कारण या बिचारीची बाजू कोणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत शौकिनांचा जीव उघड्या टपाच्या गाड्यांवर आणि दोन दारांच्या कूपेवर. सेडान म्हणजे घरची गाडी, पोरंबाळं, सामान, रोजची ये-जा. त्यात १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत साध्या लोकांसाठी गाड्या बनवणं बंदच झालं, कारखाने युद्धाच्या कामाला लागले, नवीन गाड्या यायला १९४५ उजाडलं, मग तोवर जी दारात होती तीच ओढायची. अशा सेडान चालून चालून संपल्या, उरल्या त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या गाड्यांना पार्ट पुरवता पुरवता भंगारात गेल्या. म्हणून कोणी "जपलेली सेडान" म्हणालं की माझे कान टवकारतात. आणि लगेच शंका पण येते, की जपलेली म्हणजे नक्की काय, चालवून जपलेली की झाकून ठेवलेली?

रंगाकडे मी बघतच नाही. रंग काय, कोणीही मारून देतो, खाली लांबी म्हणजे पुट्टी भरून पत्रा गुळगुळीत करतो. मी दार उघडतो, अर्धं उघडं ठेवतो आणि खालून हलकेच वर उचलतो. ते खटकन वर सरकलं की समजायचं आत लाकूड गेलंय किंवा निदान बिजागरी तरी. हो, लाकूड! बऱ्याच जणांना वाटतं जुनी गाडी म्हणजे सगळं जाड लोखंड, पण १९३६ च्या शेवरलेत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा आहे, दाराचे खांब, चौकटी, सगळं त्यावर ठोकलेलं, कंपनीने पूर्ण पोलादी बॉडी आणली ती १९३७ च्या मॉडेलला. पत्रा वरून झकास दिसतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. टपाची तर वेगळीच गंमत. १९३५ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना टपाच्या मध्यभागी पत्राच नसायचा, एवढा रुंद पत्रा सलग मिळायचा नाही, मिळाला तरी तो दाबून आकार द्यायची सोय नव्हती, म्हणून मधे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, वर कापूस आणि वर पाणी न शिरणारं कापड. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलपासून सलग पोलादी टप आणला आणि त्याची जाहिरात अशी केली की जणू किल्लाच बांधलाय.

या गाडीचं मागचं डावं दार उचललं, किंचित हललं. उजवं नाही. ठीक आहे म्हटलं.

मग आत बसलो. मीटरवर एकतीस हजार मैल. मालक म्हणाले बघा, किती कमी चाललीय. आता त्या मीटरला पाचच आकडे, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर परत शून्य, म्हणजे एकतीस हजार हे एक लाख एकतीस हजारही असू शकतात, मीटर काही तोंड उघडून सांगत नाही. पेडलचं रबर सांगतं. क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कडेला पार झिजून लोखंड दिसत होतं, आणि शेजारच्या ब्रेकचं रबर मात्र कोरं करकरीत. एकच बदललं होतं राव!

ब्रेकचं नीट विचारलं. शेवरलेने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३६ ला दिले, प्लायमाउथने तर १९२८ पासूनच दिलेले, आणि फोर्ड मात्र १९३९ पर्यंत सळ्या आणि केबलवरच अडून बसली, कारण हेन्री फोर्डना नळीतल्या तेलावर भरवसा नव्हता. पण हायड्रॉलिकला उभं राहणं मानवत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडर आतून गंजतात, पिस्टन जाम होतात. म्हणजे दहा वर्षं ताडपत्रीखाली "जपलेली" गाडी चालू होईलही, थांबेलच असं नाही.

चार दिवसांनी सकाळी परत गेलो, आधी सांगून, गाडीला हात लावू नका असं बजावून. बॉनेट गारठलेलं. या गाडीचा सेल्फ पायाने दाबायचा, ॲक्सिलरेटरच्या शेजारी बटण असतं. चोक ओढला, दाबला. सहा व्होल्टची बॅटरी, त्यामुळे बाराच्या मानाने त्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो आणि वायरी जाड लागतात. इथे कोणीतरी हल्लीच्या गाडीची बारीक केबल बसवलेली, सेल्फ झोपेत असल्यासारखा फिरला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि मग सहा सिलिंडर एकेक करत जागे झाले. ऑइलचं प्रेशर काट्यावर जेमतेम. मित्राचा चेहरा पडला. मी म्हटलं थांब, या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या टोकाला पळीसारखा तुकडा असतो, तो तेल उडवत फिरतो, प्रेशर मुळातच कमी. काटा बघू नको, ऐक. रॉडच्या बेअरिंगला आत कथलाचा मऊ पांढरा धातू ओतलेला असतो, आयझॅक बॅबिट नावाच्या माणसाने १८३९ मध्ये काढलेला, तो झिजला की ॲक्सिलरेटर दाबून सोडताना ठकठक येते. आम्ही दोघं माना वाकड्या करून उभे. दाबला, सोडला. दाबला, सोडला. ठकठक नाही, नुसती वॉल्व्हची टिकटिक, शिवणयंत्रासारखी.

मालकांनी वायपर लावून दाखवला. तो इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की मंदावतो, चढावर भर पावसात हा गडी विश्रांती घेणार. मित्र मात्र खूश, इतका खूश की भावाची घासाघीस करायचं विसरला, ती मलाच करावी लागली, केबल आणि डाव्या दाराच्या लाकडाचा हिशोब धरून. ब्रेकचे सिलिंडर उघडून दाखवल्याशिवाय पैसे नाहीत, हेही ठरलं.

निघताना त्याने डॅशबोर्डवरचा रेडिओ लावला. काहीच नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुना रेडिओ, तापायला अर्धा मिनिट तरी लागतो. मग खालून घूं असा आवाज, सहा व्होल्टचे दोनशेच्या वर करणारा व्हायब्रेटर थरथरत होता. स्टेशन एकही लागलं नाही. मित्र तरी बटण फिरवत बसला होता, आणि मालक खिडकीत वाकून त्याला सांगत होते, हळू फिरवा, हळू.