भोकाला गोष्ट लागते

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'पाश्चात्त्य समाजातील देहपरिवर्तन : एक जीवनदृष्टी'. मी फोनवर 'टोचणं, गोंदणं, चिरणं' एवढंच म्हणालो होतो. संयोजकांनी त्याला सोवळं नेसवलं.

सुरुवात माझ्या या कानापासून करतो. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, पण इथे वरच्या कडेला भिकबाळी होती. होती! बावन्नाव्या वर्षी टोचून घेतली. सोनार ओळखीचा. त्याने आधी विचारलं, "काका, घरात कार्य आहे का?" म्हटलं, नाही हो, हौस. तो तार हातात धरून माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी उधारीवर पाटल्या मागितल्यात. शेवटी टोचलं. खालची पाळी मऊ, तिथे तार सहज जाते. वर कुर्चा असते. तिथे 'कट्' असा आवाज होतो, आणि तो ऐकायला आपला कान अगदी जवळ असतो. (हशा) चौथ्या दिवशी कानाचा बटाटेवडा झाला. मग डॉक्टर, गोळ्या, पंधरा दिवस एकाच कुशीवर झोप. आमच्या सौ. पहिल्या रांगेत आहेत, त्या साक्ष देतील. नका देऊ, वेळ कमी आहे.

तर त्या पंधरा दिवसांत जो भेटला त्याने एकच विचारलं, "का?" 'आवडली म्हणून' हे उत्तर एकालाही पटलं नाही. मग मी थापा सुरू केल्या. एकाला सांगितलं, अ‍ॅक्युप्रेशर आहे, स्मरणशक्ती वाढते. दुसऱ्याला म्हटलं, आमच्यात पेशवाईपासून चालत आलंय. लगेच पटलं! पेशवाईत आमचे पूर्वज कोकणात नारळ सोलत होते.

लॉस एंजेलिसला अगदी हेच घडलं. 1975 मध्ये जिम वॉर्ड यांनी 'गाँटलेट' नावाने अंग टोचून देण्याचा धंदा घरातून सुरू केला, 1978 मध्ये दुकान थाटलं. पैसा होता डग मॅलॉय या श्रीमंत गृहस्थांचा. हे टोपणनाव, खरे रिचर्ड सिमन्टन, चांगले प्रतिष्ठित व्यावसायिक. या मॅलॉयसाहेबांनी एक पत्रक लिहिलं : अमुक टोचणं अमुक संस्कृतीत कसं होतं वगैरे. त्यात एक रत्न आहे. म्हणे रोमन सेनाधिकारी स्तनाग्रांत कड्या घालून त्यांना अंगरखा अडकवत! आता लोकरीचा जाड अंगरखा, वर पाऊस पडलेला... तुम्हीच बघा. रोमन लोक त्यासाठी खांद्यावर साधी पिन लावत. पण ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं छापून येत राहिली. आवड सांगायची लाज, परंपरा सांगायला मान.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय राहिलाच की!

भराभर सांगतो. फकीर मुसाफर. जन्म 1930, अमेरिकेत साउथ डकोटात, मूळ नाव रोलंड लूमिस, काही काळ जाहिरात व्यवसायात. 'मॉडर्न प्रिमिटिव्ह', म्हणजे आजच्या काळातला आदिम माणूस, हा शब्द त्यांचा. छातीत आकडे घालून स्वतःला टांगून घेत. हे त्यांनी मूळ अमेरिकी जमातींच्या विधींवरून घेतलं, आपल्याकडच्या तमिळ कावडीवरूनही घेतलं, ज्यात भक्त अंगात भाले-आकडे टोचून घेतात. आपण बगाड पाहिलेली माणसं. पूर्वी पाठीत गळ टोचत, आता वाईजवळच्या बावधनला बगाड्याला, म्हणजे मान मिळालेल्या माणसाला, उंच लाकडाला नुसतं बांधतात. पण तिथे नवस असतो, भैरवनाथ असतो, अख्खा गाव असतो. मुसाफरांचं म्हणणं, देह माझा, त्याच्या वाटेने कुठवर जाता येतं ते मी बघणार. परवानगी द्यायला गाव नाही, म्हणून गाव उसनं आणायचं. ज्यांचं उसनं आणलं ते चिडले. 1993 मध्ये लकोटा या मूळ अमेरिकी जमातीने आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध युद्धच पुकारलं, जाहीरनामा काढून.

आणि 'देह माझा' हेही पुरतं खरं नाही. 2018 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितलं की जीभ चिरणं, कान काढून टाकणं याला गिऱ्हाइकाची लेखी संमती असली तरी करणारा सुटत नाही. गोंदणं चालतं, टोचणं चालतं, त्यापुढे नाही. आपल्याकडे बारशाला कान टोचलेल्या बाळाची संमती कोण घेतं, तो मुद्दा कागदावर होता, राहू द्या.

जीभ चिरतात कशी, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या वेळी विचारा. वडे यायच्या आधी.